मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र: यंदा ऑक्टोबरची ट्रिप ऑस्वीगोला नेऊया

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतले सगळे दादा-ताई,
(आणि ग्रुपवर नुसते हसण्याचे इमोजी टाकून गप्प बसलेले सगळे)

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात ग्रुपवर मी ऑक्टोबरच्या ट्रिपसाठी आपल्या सिरॅक्यूजजवळच्या ऑस्वीगो गावातल्या मोडिफाइड रेसचं (म्हणजे बदल करून बनवलेल्या गाड्यांची मातीवरची शर्यत) नाव सुचवलं तर दहा मिनिटांत विषयच संपला, कोणीतरी लिहिलं की चिखलात गोल गोल फिरणाऱ्या गाड्या बघायला कोण जातं, कोणी म्हणालं ती बिअर पिणाऱ्यांची जत्रा, आणि मग नेहमीप्रमाणे नायगराची बस ठरली. नायगरा वाईट नाही हो, पण देशातून कोणाचे आईवडील आले की नायगरा, मेहुणा आला की नायगरा, पोरांना सुट्टी लागली की नायगरा, इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या माणसांना अजून किती वेळा तेच पाणी पडताना बघायचंय? तर मीटिंगमध्ये मला दोन मिनिटंच मिळतात म्हणून इथे सविस्तर लिहितोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, आपण सगळे दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी सिरॅक्यूजच्या न्यूयॉर्क स्टेट फेअरला, म्हणजे राज्याच्या जत्रेला जातो. लोण्याचा पुतळा बघतो, स्वस्तातलं दूध पितो, पोरांना पाळण्यात बसवतो आणि पार्किंगला शिव्या घालत घरी येतो. आता ते पाळणे जिथे लागतात ना, त्या बाजूला दहा वर्षांपूर्वीपर्यंत एक मैलाचा मातीचा ट्रॅक होता आणि त्याच्या कडेला भलंमोठं ग्रँडस्टँड. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते ग्रँडस्टँड डोळ्यांनी बघितलंय, त्याच्या सावलीत बसून डबा खाल्लाय, पण तिथे काय व्हायचं हे कोणी विचारलं नाही. मीही कित्येक वर्षं नाही विचारलं. माझ्या शेजारचे एक आजोबा, रिटायर्ड मेकॅनिक, त्यांच्या गराजमध्ये जुनी पोस्टरं लावलेली दिसली तेव्हा पहिल्यांदा विषय निघाला आणि मग त्यांनी मला सोडलंच नाही.

तो ट्रॅक मुळात घोड्यांचा. इथली जत्रा १८४१ पासूनची, अमेरिकेतली पहिली स्टेट फेअर, आणि १८९० पासून ती आत्ताच्या जागेवर कायमची बसली. घोड्यांचा ट्रॅक म्हणजे लांबलचक सरळ पट्टे आणि वळणावर उतार जवळपास नाहीच, सपाट माती. मोटारी आल्या तशा त्याही त्याच मातीवर धावायला लागल्या आणि सुरुवातीला काय चाललंय याचा कोणालाच अंदाज नव्हता. सप्टेंबर १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट जत्रेला येऊन गेले त्याच दिवशी ली ओल्डफिल्ड नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीचा टायर फुटला, गाडी कुंपण तोडून थेट गर्दीत शिरली आणि बघायला आलेली अनेक माणसं जागच्या जागी गेली. तेव्हा प्रेक्षक आणि गाड्यांच्या मध्ये होतं काय तर लाकडी कुंपण. हे मी मुद्दाम आधीच सांगतोय कारण 'सेफ आहे का' हा प्रश्न येणारच आहे. आता मध्ये काँक्रीटची भिंत आणि तिच्यावर उंच जाळी असते, तरी मी तुम्हाला वरच्या रांगेतच बसवणार आहे, तिथून दिसतंही चांगलं.

आता मोडिफाइड म्हणजे काय, कारण ग्रुपवर कोणीतरी 'नॅस्कार ना?' (टीव्हीवरच्या अमेरिकन कार शर्यती घेणारी संस्था) असं विचारलं होतं. नाही, आणि खरं तर क्रम उलटा आहे. नॅस्कार १९४८ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यांनी त्या वर्षी फक्त मोडिफाइड गाड्यांचीच चॅम्पियनशिप घेतली होती, रेड बायरन जिंकला, आणि आज टीव्हीवर दिसते ती शोरूममधल्या गाड्यांवरून निघालेली शर्यत १९४९ मध्ये आली. म्हणजे थोरलं भावंड मोडिफाइड, नाव मात्र धाकट्याचं झालं. महायुद्ध संपल्यावर पोरं परत आली, बऱ्याच जणांना लष्करात इंजिनं खोलायची सवय लागलेली, भंगारात तीसच्या दशकातल्या फोर्ड आणि शेवरोलेच्या कूप (दोन दारांच्या) गाड्या कवडीमोलाने मिळायच्या. त्या आणायच्या, मडगार्ड उडवायचे, काचा काढायच्या, आत मोठं इंजिन बसवायचं, आणि रविवारी गावाबाहेरच्या मातीत पळवायच्या. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि आपल्या या अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये हे वेड इतकं पसरलं की तासाभराच्या अंतरावर कुठे ना कुठे ट्रॅक असायचाच, शुक्रवारी एका गावात, शनिवारी दुसऱ्या, रविवारी तिसऱ्या.

या सगळ्यांची एक मोठी शर्यत फिलाडेल्फियाजवळ लँगहॉर्नला व्हायची, १९५१ पासून. तो ट्रॅक जवळजवळ पूर्ण गोल, सरळ पट्टा नावालाही नाही, ड्रायव्हरला सबंध वेळ गाडी वळवतच ठेवायची, लोक घाबरायचे त्याला. १९६५ मध्ये त्यावर डांबर पडलं आणि १९७१ मध्ये ट्रॅकच बंद झाला, जमीन विकली गेली. आपली फिलीकडची मंडळी त्या भागात आता शॉपिंगला जात असतील, त्यांना सांगा.

आणि इथे आपल्या भागाची गोष्ट सुरू होते. ग्लेन डॉनेली नावाचा माणूस वीड्सपोर्टचा ट्रॅक चालवायचा. वीड्सपोर्ट म्हणजे थ्रूवेवरून रॉचेस्टरला जाताना आपण ज्या एक्झिटकडे बघतही नाही ते. मातीवर धावणाऱ्या मोडिफाइडवाल्यांना वर्षाच्या शेवटी आपली अशी एक मोठी शर्यत हवी, आणि ती छोट्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर नाही तर जत्रेच्या त्या एक मैलाच्या ट्रॅकवर, हे त्याच्या डोक्यात होतं. १९७२ मध्ये त्याने ते करून दाखवलं, शेफर १०० नावाने, शेफर ही तेव्हाची न्यूयॉर्ककडची बिअर (हो, बिअर, ग्रुपवर म्हणालात ते अगदीच चूक नाही). शंभर मैल, एका मैलाच्या मातीवर.

आणि जिंकलं कोण? पार फ्लोरिडातल्या झेफरहिल्सहून आलेला बझी रॉयटिमन. गाडी कुठली, तर १९३७ सालच्या शेवरोले कूपची बॉडी, नंबर ००. तोपर्यंत बाकीचे पिंटो, व्हेगा, ग्रेमलिन अशा नव्या छोट्या गाड्यांच्या बॉड्या लावायला लागले होते आणि हा गडी पस्तीस वर्षं जुन्या आकाराची गाडी घेऊन आला, इथल्या सगळ्यांना त्यांच्याच मातीत हरवून परत गेला. लोकांना वाटलं लागला मटका. तर पुढच्या वर्षी १९७३ मध्ये परत आला आणि परत जिंकला! शेजारचे आजोबा हे सांगताना अजून चिडतात, पन्नास वर्षं झाली तरी, म्हणतात आमच्या घरी येऊन आमचंच ताट घेऊन गेला. पुढे त्याचा मुलगा डेव्हिड नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या सिरीजमध्ये गेला आणि त्याच्याही गाडीवर तोच ०० नंबर होता.

मग ती शर्यत वाढतच गेली. शंभरची दोनशे मैल झाली, काही वर्षं तीनशेसुद्धा केली, परत दोनशेवर आणली. एका दिवसाची आठवडाभराची झाली, सुपर डर्ट वीक नाव पडलं, ऑक्टोबरच्या कोलंबस डेच्या आसपास अख्ख्या ईस्ट कोस्टवरून आणि कॅनडातून ट्रेलर यायला लागले. दिवसा मैलावर प्रॅक्टिस आणि क्वालिफाइंग (मुख्य शर्यतीत जागा मिळवायच्या फेऱ्या), संध्याकाळी आजूबाजूच्या छोट्या ट्रॅकवर वेगळ्या शर्यती, रात्री कॅम्पिंगमध्ये शेकोट्या, आणि गाड्या वाहून नेणाऱ्या मोठ्या ट्रकांची गावातून मिरवणूक. मिरवणूक म्हटल्यावर तरी कमिटीतल्या ढोल पथकवाल्यांनी कान टवकारावेत अशी माझी अपेक्षा आहे.

आता १९८० ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि आपल्या मंडळात निम्मे इंजिनिअर असल्यामुळे ही तुमच्यासाठीच आहे. त्या काळात फॉर्म्युला वनमध्ये ग्राउंड इफेक्टचं खूळ आलं होतं. गाडीच्या पोटाखालचा आकार असा करायचा की खालून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि गाडी जमिनीला चिकटते, मग वळणावर वेग कमी करायला लागत नाही. मारिओ अँड्रेटी १९७८ मध्ये लोटस ७९ घेऊन त्याच जोरावर वर्ल्ड चॅम्पियन झाला. १९८० च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला जॉनी रदरफोर्ड तशाच कल्पनेची शॅपरल घेऊन जिंकला. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सिरॅक्यूजच्या मातीवर, जिथे बाकीचे लोक पत्रे ठोकून बॉड्या बनवत होते, केनी वेल्ड नावाच्या माणसाने बांधलेली एक काळी विचित्र गाडी ट्रेलरमधून उतरली. लिंकन कंपनीच्या गाडीसारखी दिसणारी, लांब, बुटकी, बाजूंनी बंद. ड्रायव्हर गॅरी बॅलो, हाही फ्लोरिडाचाच. लोकांनी बघताक्षणी नाव ठेवलं बॅटमोबिल.

प्रॅक्टिसपासूनच कळलं की हिच्याशी कोणाचं काही चालणार नाही, आणि चाललं नाहीच, बॅलो शेफर २०० सहज जिंकून गेला. इथले लोक खवळले. चीटिंग म्हणाले, पण रुलबुकात जे लिहिलं नव्हतं तेच तर त्याने केलं होतं, मग चीटिंग कसलं? त्यानंतर नियम बदलले आणि ती गाडी परत आणायची सोयच ठेवली नाही. एका शर्यतीसाठी बनली, जिंकली, संपली. माझं मत विचाराल तर बंदी घातली ते बरोबरच केलं, कारण नाहीतर पुढच्या वर्षी ज्याच्याकडे विंड टनेलचा पैसा त्याचीच शर्यत झाली असती आणि दूधवाला, वेल्डर, गराजवाला ही सगळी माणसं घरी बसली असती. पण आजोबांशी यावरून माझा दर वेळी वाद होतो, ते म्हणतात की मोडिफाइड नाव ठेवलंय आणि मोडिफाय केलं तर रडता.

गाडीबद्दल थोडं अजून. आत्ताची बिग ब्लॉक (मोठ्या इंजिनाची) मोडिफाइड म्हणजे नळ्यांचा सांगाडा, वर सपाट पत्र्यांची बॉडी, चाकं उघडी, ड्रायव्हर जवळजवळ मधोमध बसलेला आणि इंजिन साडेसात लिटरच्या आसपास. आपल्या गावाकडच्या स्विफ्टचं सव्वा लिटर असतं, त्यावरून काय ते समजा. फक्त डावीकडेच वळायचं असतं म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे गाडीला आपोआप डावीकडे ओढ लागते. आणि वळणात शिरली की गाडीचं मागचं अंग बाहेर सरकतं, ड्रायव्हर स्टिअरिंग उजवीकडे फिरवून ठेवतो आणि गाडी डावीकडे जाते, हे पहिल्यांदा बघितलं तर मेंदूला काही केल्या पटत नाही. माती तर दर तासाला बदलते. सकाळी पाणी मारलेली ओली जड माती, दुपारी ऊन आणि वारा लागून कडक होते, मग टायरचं रबर घासून घासून तिच्यावर काळा चकचकीत पट्टा पडतो, त्या पट्ट्याच्या बाहेर गेलात की मागे पडलात. कुठला टायर लावायचा, पेट्रोल कधी भरायचं, आत्ता थांबायचं की पिवळ्या झेंड्याची (तो दाखवला की सगळ्यांनी गाड्या हळू चालवायच्या) वाट बघायची, या सगळ्यात शर्यत असते. नुसतं गोल फिरणं असतं तर न्यू जर्सीतल्या ससेक्सचा ब्रेट हर्न नावाचा माणूस करिअरमध्ये नऊशेच्या वर शर्यती जिंकला नसता.

मंडळी, आपल्यातले खेड, मंचर, जुन्नरकडचे जे आहेत त्यांना मी एवढंच विचारतो, बैलगाडा शर्यतीला आपण काय म्हणतो? घाटात गर्दी, भंडारा, कुठल्या गावची बारी किती सेकंदात आली यावरून रात्रभर चर्चा, आणि बाहेरचा कोणी 'हे काय रानटी' म्हणाला की आपलं डोकं फिरतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली तेव्हा लोकांनी सात वर्षं बैल पोसले, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि घाट परत भरले. ते आपल्याला आपोआप समजतं, कोणी समजवायला लागत नाही, मग इथल्या गावच्या माणसाचं वेड बघून आपल्याला हसू का येतं? तोही आठवडाभर गोठ्यात काम करतो, रात्री इंजिन खोलून बसतो आणि वर्षात एकदा सगळ्या पंचक्रोशीसमोर उतरतो.

इथल्या लोकांच्या वाट्याला बंदी आली नाही, नूतनीकरण आलं. २०१५ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जत्रेच्या मैदानासाठी ५० मिलियन डॉलरची योजना जाहीर केली, त्यात ग्रँडस्टँड आणि ट्रॅक दोन्ही जाणार हे ठरलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये मैलावरची शेवटची सुपर डर्ट वीक झाली आणि नंतर ग्रँडस्टँड पाडलं. आपल्याला तेव्हा काय दिसलं? नवीन मोकळी जागा, चांगले रस्ते, आरव्ही पार्क, आणि आपण म्हणालो वा, फेअर सुधारली. सुधारलीच, खोटं कशाला बोलू, वर्षातले थोडे दिवस सोडले तर ते ग्रँडस्टँड बऱ्यापैकी रिकामंच असायचं आणि त्याची डागडुजी सरकारी पैशातून व्हायची. पण १९७२ पासूनची शर्यत ज्या मातीवर झाली ती माती गेली, त्या मैलासारखा दुसरा मैल या भागात नाही, आणि सेंट्रल स्क्वेअरला नवीन ट्रॅक होणार, तिकडे शर्यत नेऊ, असं जे ठरलं होतं तो ट्रॅक वेळेत झालाच नाही.

मग ऑस्वीगो धावून आलं. ऑस्वीगो स्पीडवे हा डांबरी ट्रॅक, पाच अष्टमांश मैलाचा, १९५१ पासूनचा, सुपरमोडिफाइड नावाच्या वेगळ्याच राक्षसी गाड्यांसाठी प्रसिद्ध. २०१६ मध्ये त्या डांबरावर ट्रकच्या ट्रक माती आणून पसरली, दाबली, पाणी मारलं, आठवडाभर शर्यती घेतल्या आणि नंतर ती सगळी माती परत उचलली! सार्वजनिक गणपतीचा मांडव घालून काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे काम एकदा बघावंच. २०२० मध्ये कोविडमुळे शर्यत झाली नाही, ते सोडलं तर तेव्हापासून तिथेच आहे. मैल गेला त्यामुळे दोनशे मैलांच्या जागी आता दोनशे लॅप (फेऱ्या), म्हणजे सव्वाशे मैल. जुने लोक नाक मुरडतात, म्हणतात सिरॅक्यूजची सर नाही, लांब पट्ट्यावरून पूर्ण वेगात येऊन सपाट वळणात गाडी टाकायला जे काळीज लागायचं ते इथे लागत नाही. असेल. पण छोट्या ट्रॅकवर गाड्या एकमेकींना चिकटून धावतात, बसल्या जागेवरून सगळं दिसतं, आपल्यासारख्या नवख्यांना हेच बरं. जिंकणाऱ्याला अलीकडे ५० हजार डॉलर मिळतात, आणि एवढ्या पैशात या लोकांचा वर्षाचा इंजिन आणि टायरचा खर्च निघत असेल असं मला वाटत नाही.

आणि नायगरावाल्यांनो, तुमच्यासाठी खास. गेल्या काही वर्षांत ही शर्यत एकापेक्षा जास्त वेळा जिंकलेल्यांपैकी स्ट्युअर्ट फ्रिसन हा नायगरा-ऑन-द-लेकचा, आणि मॅट विल्यमसन सेंट कॅथरिन्सचा. फ्रिसनच्या घरच्यांचा नायगराजवळच रॅन्समव्हिलला मातीचा ट्रॅक. तुम्ही धबधबा बघून वाइनरीत फोटो काढत असता तेव्हा तिथली पोरं ट्रेलर जोडून इकडे आपल्या अंगणात शर्यत जिंकायला निघालेली असतात.

आक्षेपांची उत्तरं पटापट देतो. आवाज प्रचंड असतो, हो, लहान मुलांना कानावर आवाज अडवणारे हेडफोनसारखे इयरमफ लावायलाच लागतात, तान्ह्या बाळांना आणू नका. धूळ उडते, पांढरे कपडे नकोत. पेट्रोल जळतं, जळतं, पण आपणही दर दिवाळीला न्यू जर्सीला पाच-पाच तास गाड्या हाणतो ते काय हवेवर? खायला शाकाहारी म्हणजे फ्राइज आणि पिझ्झा, त्यामुळे थालीपीठ आणि दहीभात बरोबर. आणि एक गोष्ट जी कोणी उघड बोललं नाही पण मनात आहे, की तिथे आपल्यासारखे दिसणारे फार नसतात आणि काही कॅम्परवर असे झेंडे लावलेले असतात की पोटात गोळा येतो. खरं आहे. मलाही पहिल्यांदा आला. पण बाकड्यावर शेजारी बसलेल्या माणसाला मी विचारलं की ती पिवळी गाडी मागे का पडली, तर तो पुढचे दोन तास मला समजवत बसला, स्वतःचं ब्लँकेट दिलं, आणि लेक ऑन्टारियोवरून येणारं ऑक्टोबरचं वारं ज्याने खाल्लंय त्यालाच ब्लँकेटची किंमत. झेंड्यांचं मला आवडत नाही ते नाहीच आवडत, पण त्यासाठी पाच हजार माणसांकडे पाठ फिरवायची हे मला पटत नाही.

तर कमिटीकडे मागणी अशी. एक, ऑक्टोबरची नायगरा ट्रिप यंदा वसंतात ढकला, धबधबा कुठे जात नाही. दोन, रविवारच्या मुख्य शर्यतीची तिकिटं ग्रुपने काढा, आणि जाताना वीड्सपोर्टला मोडिफाइडवाल्यांचं म्युझियम आहे तिथे थांबू, तिथे जुन्या कूप गाड्या उभ्या आहेत, पोरांना हात लावू देत नाहीत पण अगदी जवळून बघता येतात. तीन, तारीख ठरवताना पंचांग बघा, काही वर्षी नवरात्र आणि दसरा नेमका तेव्हाच येतो, भोंडल्याच्या दिवशी ही ट्रिप ठेवली तर मंडळातल्या समस्त ताया मला उभं करतील. सिरॅक्यूजवरून ऑस्वीगो तासाभराच्या आत आहे, बस लागणारच नाही, चार-पाच गाड्यांत होतं.

शेजारच्या आजोबांना मी विचारून ठेवलंय, ते बरोबर यायला तयार आहेत, फक्त त्यांची अट आहे की बझी रॉयटिमनचं नाव त्यांच्यासमोर कोणी काढायचं नाही. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय घ्या, आणि यावेळी दोन मिनिटं नाही, दहा द्या.

आपला,
मंडळाचा एक वर्गणी वेळेवर भरणारा सभासद